सीआरपी १.८, आयएल-६ मात्र २४८. खोटं कोण बोलतंय?

अर्धा_मायक्रोलिटर
मंगळवार, रात्री ११:४०

आत्ताच लॅबमधून आले. जेवण व्हायचंय, पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही.

मी पुण्यात पीएचडी करते, तिसरं वर्ष. विषय रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो. ४० पेशंट, २० निरोगी माणसं, आणि सगळ्यांच्या सीरममध्ये इंटरल्यूकिन-६, म्हणजे आयएल-६, हे सुजेचा निरोप नेणारं प्रथिन मोजायचं. किट साधं सँडविच एलायझा, म्हणजे दोन अँटीबॉडींच्या मध्ये पकडून मोजायचं: वेलच्या (प्लेटवरच्या छोट्या वाटीच्या) तळाशी उंदराची मोनोक्लोनल अँटीबॉडी, वरून बायोटिन लावलेली शेळीची पॉलिक्लोनल, मग बायोटिनला चिकटणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन आणि त्याला जोडलेलं एचआरपी हे एन्झाइम, त्यानं रंग धरणारं टीएमबी, शेवटी ॲसिड. ४५० नॅनोमीटरला रीडिंग, ५७० चं वजा. रेंज ३ ते ३०० पिकोग्राम प्रति मिली. स्टँडर्ड कर्व्ह असला देखणा आला की प्लेटचा फोटो आईला पाठवला. ती म्हणाली, "एवढ्याशा वाट्यांत हळदीचं पाणी कशाला गं?"

निरोगी २० पैकी १७ जण ३ च्या खाली, म्हणजे मोजमापाच्या बाहेरच. दोघं ४-५ वर. एक मुलगा ९ वर. खोदून विचारलं तेव्हा कळलं, पठ्ठ्या सकाळी सिंहगड चढून तसाच रक्त द्यायला आला होता. राबणारे स्नायूसुद्धा आयएल-६ सोडतात हे पुस्तकात वाचलं होतं, समोर पहिल्यांदा बघितलं.

पेशंटमध्ये ३६ जण ४ ते ६० च्या दरम्यान, आणि सीआरपी (सूज असली की यकृत बनवतं ते प्रथिन) जास्त त्याचं आयएल-६ जास्त, असं साधारण जुळतंय. उरले चार:

११ नंबर: आयएल-६ १८६, सीआरपी २.१
२३ नंबर: आयएल-६ २४८, सीआरपी १.८
३१ नंबर: आयएल-६ २७०, सीआरपी ३
३८ नंबर: आयएल-६ १४२, सीआरपी ०.४

सीआरपी मिलिग्राम प्रति लिटरमध्ये. आता सांगा, यकृताला सीआरपी बनवायचा हुकूम आयएल-६ च देतं ना? मग हुकूम इतक्या मोठ्यानं चाललाय आणि यकृत ढिम्म, असं कसं? दुसऱ्या दिवशी चारही पुन्हा लावले. तेच आकडे. डुप्लिकेटमधला फरक सहा टक्क्यांच्या आत, म्हणजे पिपेटिंगवर ढकलता येत नाही. सीरम स्वच्छ, लाल नाही, दुधाळ नाही. वितळवल्यावर पुन्हा सेंट्रिफ्यूज केलं होतं, त्यामुळे फायब्रिनचे धागेही नाहीत.

लॅबमधल्या सीनियरचं म्हणणं, "चारच आहेत, आउटलायर म्हणून काढ आणि पेपर लिही." मला ते पटत नाहीये. पण किटच्या फक्त तीन पट्ट्या शिल्लक आहेत, २४ वेल. नवीन किटला माझ्या एका महिन्याच्या फेलोशिपपेक्षा जास्त पैसे लागतात आणि ग्रँटचा पुढचा हप्ता कधी येईल ते देव जाणे. २४ वेलमध्ये काय करून बघू?


बायोटेक_दुसरं_वर्ष
मंगळवार, रात्री ११:५८

ताई, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असतील का ते? आमच्या सरांनी सांगितलं होतं की बायोटिनमुळे रिपोर्ट चुकतात. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं इशारापण दिला होता.


आकडेमोड
बुधवार, सकाळी ७:१०

आयएल-६ चा डेटा कायम एका बाजूला कललेला असतो. सरासरी काढूच नकोस, लॉग घे किंवा मीडियन दे, मान-व्हिटनी चाचणी लाव. मग हे चार असले काय नि नसले काय, फार बिघडत नाही. आणि ३ च्या खालच्या १७ जणांना शून्य लिहू नकोस, ते शून्य नाहीत. चार काढायचे असतील तर बेधडक काढ, फक्त पेपरमध्ये तसं लिही.


जुना_लॅबवाला
बुधवार, सकाळी ९:२५

ताई, काढू नका. आधी एक सांगा, या चौघांचा आरएफ, म्हणजे रुमॅटॉइड फॅक्टर, किती आहे?

का विचारतो ते सांगतो. मी ३४ वर्षं सरकारी रुग्णालयाच्या लॅबमध्ये काढली, आता निवृत्त आहे. आमच्या वेळी आरएफची तपासणी म्हणजे काळ्या काचेवर लेटेक्सचा एक थेंब, सीरमचा एक थेंब, काडीनं फिरवायचं आणि दोन मिनिटं काच हातात डोलवत बसायचं. दूध फाटल्यासारखे कण दिसले की पॉझिटिव्ह. दिवसाला साठ-सत्तर काचा डोलवल्या आहेत, मनगट अजून बोलतं.

पण लेटेक्सच्या आधी काय होतं, हे तुमच्या पिढीला कुणी सांगत नाही. रोज-वालर टेस्ट. १९४० मध्ये नॉर्वेच्या एरिक वालरनं बघितलं की मेंढीच्या तांबड्या पेशींवर सशाची अँटीबॉडी चढवली आणि त्यात आमवाताच्या पेशंटचं सीरम घातलं, तर पेशींच्या गुठळ्या होतात. १९४८ मध्ये अमेरिकेत हॅरी रोज यांना तेच दिसलं. मेंढीच्या पेशी, सशाची अँटीबॉडी. माणसाचं त्यात काही नाही. तरी पेशंटच्या सीरममधला तो 'फॅक्टर' सशाच्या अँटीबॉडीला जाऊन चिकटला. म्हणजे आरएफ सापडला तोच मुळी परक्या जनावराच्या अँटीबॉडीला चिकटण्याच्या त्याच्या खोडीमुळे.

आता तुमच्या किटमध्ये काय आहे? खाली उंदीर, वर शेळी. आणि तुमचे पेशंट कुठले? आमवाताचे. उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे असं मला वाटतं.

बायोटेकवाल्या बाळा, विचारलंस ते चांगलं केलंस, पण बायोटिन इथं बसत नाही. सँडविच पद्धतीत बायोटिन जास्त झालं तर आकडा पडतो, चढत नाही. शिवाय घोळ होतो तो मशीनवरच्या तपासण्यांत, जिथं पेशंटचं सीरम आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन एकाच वेळी एका भांड्यात असतात. ताईंच्या प्लेटमध्ये स्ट्रेप्टॅव्हिडिन येईपर्यंत सीरम धुऊन गेलेलं असतं.


अर्धा_मायक्रोलिटर
बुधवार, दुपारी १:१५

काका, अंगावर काटा आला. डब्बा तसाच ठेवून फाइल काढली. आरएफ, आयू प्रति मिलीमध्ये: ११ चा ६४०, २३ चा ९०५, ३१ चा ११०० च्या वर. बाकीच्या ३६ मध्ये ३०० च्या पुढे एकच आहे.

पण ३८ चा फक्त ६२. मग तो कुठं बसतो?


ऱ्हाइनकाठची
बुधवार, दुपारी ४:३०

मी जर्मनीत असली किटं बनवायचंच काम करते, म्हणून थोडं लांबण लावते. मूळची सांगलीची, त्यामुळे लांबण रक्तातच आहे.

लॅबवाले काका म्हणतात ते अगदी बरोबर. तुझी प्लेट म्हणजे वडापाव समज. खालचा पाव उंदराची अँटीबॉडी, वरचा पाव शेळीची, मध्ये वडा म्हणजे आयएल-६. वडा असेल तरच वरचा पाव टिकतो, नाहीतर धुताना वाहून जातो. पण रीडर वडे मोजत नाही, तो वरचे पाव मोजतो आणि वडा असणारच असं धरून चालतो. आरएफ स्वतः एक अँटीबॉडीच, बहुतेक वेळा आयजीएम जातीची: पाच एकत्र बांधलेल्या, दहा हात. एका हातानं खालच्या अँटीबॉडीचं शेपूट धरतो, दुसऱ्यानं वरच्या. नुसत्या चटणीनं दोन पाव चिकटले. वडा नाही, तरी बिल झालं.

बहुतेक किटच्या डायल्युएंटमध्ये यावर उतारा घातलेला असतोच, पण आरएफ ९०० असला की तो पुरत नाही. किट तपासताना आम्ही मुद्दाम जास्त आरएफचे नमुने लावतो ते याचसाठी. काही जण वरच्या अँटीबॉडीचं शेपूटच कापून टाकतात, म्हणजे आरएफला धरायला जागा उरत नाही. काही जण कोंबडीची अँटीबॉडी वापरतात, तिच्याकडे आरएफ ढुंकूनही बघत नाही. असो, तुझ्याकडे आहे त्या किटवरच भागवायचंय.

२४ वेल. हिशेब असा कर. स्टँडर्ड एकेरी लाव, सात पॉइंट आणि एक ब्लँक, ८ गेले. एकेरी म्हणताना माझा हात थरथरतोय, पण नाइलाज आहे. मग चारही नमुने १:२, १:४, १:८, म्हणजे १२. उरले ४: चारही नमुने डायल्यूट न करता, पण त्यात उंदराचं साधं, कशाविरुद्धही नसलेलं आयजीजी (नेहमीची अँटीबॉडीच) घालून, मिलीला १०० मायक्रोग्रामच्या आसपास. अर्धा तास तसंच ठेव, मग वेलमध्ये घाल. आरएफला चिकटायला हवेत तेवढे सुटे उंदीर मिळाले की तो प्लेटवरच्या उंदरांना सोडतो.

खरं आयएल-६ असेल तर डायल्यूशनचा आकडा गुणून परत तिथंच येईल. १:४ मध्ये ३५ आलं तर चौपट १४०. आरएफचा खेळ असेल तर गुणाकार जुळणार नाही, दर पायरीला घसरत जाईल.

किटमधली डिटेक्शन अँटीबॉडी उरली असेल तर अजून एक, यात किटचे वेल लागत नाहीत. साध्या प्लेटवर रात्रभर उंदराचं तेच साधं आयजीजी बसव, ब्लॉक कर, आणि पुढचं सगळं नेहमीसारखं. तिथं आयएल-६ पकडणारं काहीच नाही. तरी रंग आला, तर तो रंग खोटा.

उंदराचं आयजीजी मात्र अझाइड नसलेलं बघ. अझाइड एचआरपीला मारतं. मी नवशिकी असताना कुणीतरी वॉश बफरच्या बाटलीत टिकावं म्हणून अझाइड घातलं होतं. अख्खी प्लेट पाण्यासारखी, स्टँडर्डसकट. मी आठवडाभर टीएमबीला शिव्या देत होते.


आकडेमोड
बुधवार, सायंकाळी ६:०५

बरं, माघार. बेधडक शब्द परत घेतो. गणितानं आउटलायर ओळखता येतो, तो का आहे ते गणित सांगत नाही.


जुना_लॅबवाला
बुधवार, रात्री ८:५०

३८ नंबरबद्दल दिवसभर डोक्यात चाललं होतं. आरएफ कमी, सीआरपी ०.४. ताई, ०.४ हा आकडाच मला खटकतो. बाकी तिघांचा सीआरपी 'नॉर्मल' आहे. याचा नॉर्मल नाही, जवळजवळ गायब आहे. आमवाताच्या माणसाचा सीआरपी इतका खाली सहसा बघितलेला नाही.

मला २०२१ चा एप्रिल-मे आठवला. दुसरी लाट. टोसिलिझुमॅबच्या एका इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव वणवण फिरत होते. ते मिळालं, दिलं, आणि दोन दिवसांनी कुणीतरी पुन्हा आयएल-६ पाठवायचं. आकडा आधीपेक्षा वर! नातेवाईक रिपोर्ट घेऊन खिडकीशी भांडायला यायचे, इंजेक्शन बोगस होतं म्हणून. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. मग आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी समजावलं. हे औषध आयएल-६ ला हात लावत नाही, त्याच्या रिसेप्टरला बुच मारतं. पेशी एरवी त्याच रिसेप्टरनं आयएल-६ गिळून संपवतात. बुच मारलं की गिळणं बंद, आयएल-६ रक्तात साचतं. आणि यकृतालाही निरोप पोचत नाही, म्हणून सीआरपी तळाला. आयएल-६ वर, सीआरपी शून्याजवळ, दोन्ही खरे.

आणि टोसिलिझुमॅब काही फक्त कोविडचं औषध नव्हे, कोविडच्या कितीतरी आधीपासून आमवाताला देतात. ३८ ला कुठली औषधं चालू आहेत?


अर्धा_मायक्रोलिटर
बुधवार, रात्री ९:३०

बघितलं काका. फॉर्ममध्ये 'सध्याची औषधे' या रकान्यात मेथोट्रेक्सेट, फॉलिक ॲसिड, कॅल्शियम. बस. आणि बायोलॉजिक (टोसिलिझुमॅबसारखी) औषधं चालू असलेले पेशंट घ्यायचेच नाहीत असं आमच्या प्रोटोकॉलमध्येच आहे, त्यामुळे तसं असायला नको.

उंदराचं आयजीजी शेजारच्या लॅबमधून उसनं मिळालं, वाटीभर साखर आणतात तसं. अझाइड नाही, बाटली तीनदा वाचली. उद्या सकाळी लावते. साध्या प्लेटवर आत्ताच कोटिंग करून फ्रिजमध्ये ठेवलंय.


अर्धा_मायक्रोलिटर
गुरुवार, सायंकाळी ७:४५

झालं. हात अजून गार आहेत.

२३ नंबर आधी सांगते. डायल्यूट न करता २४८ होता. १:२ ला रीडिंग ८१, दुप्पट केलं १६२. १:४ ला १९, चौपट ७६. १:८ ला ४, म्हणजे ३२. वहीत लिहिताना एकेक पायरी खाली उतरत होते, जिन्यावरून गडगडत आल्यासारखं. आणि उंदराचं आयजीजी घातलेल्या वेलमध्ये? ९.

२४८ चं ९.

११ तसाच: १८६ चा ७ झाला. ३१ चा २७० वरून १४. १४ ला सीआरपी ३, हे आता कुठं माणसात आलं.

३८ मात्र जागचा हलला नाही. १४२ होता. १:२ वरून १४०, १:४ वरून १३६, १:८ वरून १४४. आयजीजी घालून १३९. सरळ रेषा.

दुपारी साधी प्लेट वाचली, ती तर रीडरमध्ये घालायचीही गरज नव्हती. टीएमबी घातल्यावर पाच-सात मिनिटांत ११, २३ आणि ३१ चे वेल निळे व्हायला लागले, २३ आणि ३१ गडद. आयएल-६ पकडणारं त्या प्लेटवर काही नाही हे मला माहीत होतं, मीच तर रात्री कोटिंग केलं होतं, तरी निळा रंग चढत होता. ३८ चा वेल आणि निरोगी माणसाचा वेल शेवटपर्यंत पाण्यासारखे. सीनियरला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे आपल्या जुन्या पेपरमधले..." आणि वाक्य अर्धवट टाकून चहाला गेला.


ऱ्हाइनकाठची
गुरुवार, सायंकाळी ७:५८

झकास! आता वाईट बातमी. आरएफ ३०० च्या वरचा तो अजून एक पेशंट म्हणालीस ना, त्याचा आकडा संशयास्पद दिसत नाही म्हणून बरोबर आहे असं नाही. खरा ५ असेल आणि चटणीचे २५ मिळून ३० दिसत असेल, तर तुला कळणारही नाही. आणि खरं सांगायचं तर ३०० च्या खालच्यांचंही तेच. नवीन किट आलं की चाळीसच्या चाळीस पुन्हा, ब्लॉकर, म्हणजे तेच उंदराचं आयजीजी, घालून. स्टँडर्डमध्येही तोच ब्लॉकर घाल, नाहीतर दोघांची तुलना होत नाही. आणि दोन-तीन नमुन्यांत माहीत असलेलं आयएल-६ घालून ते ८० ते १२० टक्के परत मिळतंय का बघ, म्हणजे ब्लॉकरनं खऱ्याचा गळा दाबला नाही हे कळेल.


अर्धा_मायक्रोलिटर
गुरुवार, रात्री ८:२०

चाळीसच्या चाळीस. वाचून जेवले. निदान आज जेवले तरी.


बायोटेक_दुसरं_वर्ष
गुरुवार, रात्री ८:३१

ताई, ३८ चं काय झालं?


अर्धा_मायक्रोलिटर
शनिवार, दुपारी १२:१०

३८ चं सांगते. पेशंटला मी थेट फोन करू शकत नाही, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना गाठलं. ओपीडी संपेपर्यंत बाकावर बसले. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडे एक आजी. गोळ्या कुठल्या घेता, तर फॉर्मवरच्याच तीन. मग डॉक्टरांनी विचारलं, दुसरीकडे कुठे दाखवता का?

हो, लेकाकडे गेल्या होत्या तेव्हा तिथल्या दवाखान्यात सुरू केलंय. महिन्याला एकदा सलाईन लावतात, तासभर पडून राहायचं, सांधे मोकळे होतात. बाटलीवरच्या नावाचा कागद नातवानं व्हॉट्सॲपवर पाठवला. टोसिलिझुमॅब. शेवटचं आमच्या रक्ततपासणीच्या नऊ दिवस आधी.

डॉक्टर जरा चिडून म्हणाले, "अहो आजी, फॉर्म भरताना हे का नाही सांगितलंत?"

आजी म्हणाल्या, "त्या पोरीनं गोळ्या विचारल्या, मी गोळ्या सांगितल्या. सलाईनचं कुणी विचारलं?"

ती पोरगी मीच.


जुना_लॅबवाला
शनिवार, दुपारी १२:४०

आजींना माझा नमस्कार सांगा.


आकडेमोड
शनिवार, दुपारी १:०२

मग ३८ ठेवणार की काढणार?


अर्धा_मायक्रोलिटर
शनिवार, दुपारी १:२०

काढावा लागेल, प्रोटोकॉलच्या अटीत बसत नाही. चौघांतला एकच आकडा खरा निघाला आणि तोच बाहेर. तिघं राहतायत, ७, ९ आणि १४ वर. फॉर्ममध्ये 'गोळ्या, सुई, सलाईन, कुठल्याही दवाखान्यातलं' असं चार ठिकाणी लिहून घेतलंय, सोमवारी कमिटीकडे देते. म्हणजे आता ३९.